विश्रामने मनात आणलं असतं तर

बडोद्यात माझं नाव निघालं की माणसं आधी कौतुकानं मान डोलावतात. जनार्दन मोहिते, दांडिया बाजारातला, फ्रीस्टाइल कुस्तीचा राष्ट्रीय विजेता. मग आवाज जरा उतरवून म्हणतात, "पण खरा पैलवान विश्राम. त्यानं मनात आणलं असतं तर..." आणि तिथंच थांबतात. वाक्य पुरं करायची कुणालाच गरज वाटत नाही. ते मी आयुष्यभर एकट्यानं मनातल्या मनात पुरं करत आलो आहे.

हे खूळ आमच्या तालमीपुरतं राहिलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मी पहिल्यांदा राज्य अजिंक्यपद जिंकून आलो, पेपरात फोटो आला, तेव्हा बाजारातल्या फरसाणवाल्यानं मला हाक मारली. "आवो आवो, चॅम्पियन!" बसायला स्टूल दिलं, कागदावर गरम फाफडा घातला, वर संभारो, म्हणजे पपईचा परतलेला कीस. मी पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच तो म्हणाला, "पण लोको कहे छे, असली पहेलवान तो पेला विश्रामभाई." मी फाफडा तसाच टाकून उठलो. तो मागून "शुं थयुं भाई, शुं थयुं?" करत राहिला. त्या दुकानात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

विश्राम बागूल माझा जोडीदार. म्हणजे तालमीत रोज ज्याच्याशी लढून तयारी करायची तो. माझ्याच वजनाचा, माझ्याच उंचीचा. पण मान अशी की हात टाकला तर हलायची नाही. माझ्यासाठी घरात बदाम भिजत, दूध आटे, तूप वेगळं ठेवलं जाई. हा भाकरी आणि ठेचा खाऊन यायचा आणि माझा दम लागेपर्यंत माझ्याशी लढायचा. माझा एक कान मोडला आहे, त्याचे दोन्ही. पैलवानाला मोडलेल्या कानाचा अभिमान असतो. मला त्याच्या त्या दुसऱ्या कानाचासुद्धा हेवा वाटे, आता काय सांगायचं!

आमची तालीम दांडिया बाजारातल्या एका बोळात. आत कोनाड्यात शेंदरी मारुती, खाली ताक, तेल आणि हळद घालून मळलेली लाल माती. बाहेर ओट्यावर म्हातारी मंडळी बसत. कुणी एकेकाळी संस्थानात कारकून होतं, कुणी शाळामास्तर, आणि सगळे कुस्तीतले न्यायाधीश. त्यांच्या मधोमध आमचे वस्ताद, तात्यासाहेब. पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, आवाज मऊ. ते कधी ओरडले नाहीत आणि त्यांचा शब्द कधी कुणी मोडला नाही.

तात्यासाहेबांच्या तालमीचे कायदे दोन. एक, एका मातीतल्या दोघांनी चारचौघांत एकमेकांची पाठ लावायची नाही. तालमीत रोज पाडा, रोज पडा, ते धरायचं नाही. पण बाहेरच्या मैदानात समोरासमोर उभं राहायचं नाही. दुसरा कायदा पहिल्यातूनच निघालेला. सरकारी स्पर्धा सुरू झाल्या, वजनी गट आले, गादीवरची कुस्ती आली, तेव्हा एका गटात तालमीतर्फे एकच नाव पाठवायचं ठरलं. कुणाचं? तर ज्याच्या अंगाला ह्या तालमीची माती आधी लागली त्याचं.

मला माती लागली दसऱ्याला. विश्रामला दिवाळीत.

बस, एवढंच. त्याचे वडील रेल्वेत फिटर. त्यांची अमळनेरहून बडोद्याच्या प्रतापनगर वर्कशॉपला बदली झाली आणि सामानसुमान लावून मुलाला तालमीत आणायला त्यांना दिवाळी उजाडली. बदलीचा हुकूम थोडा आधी निघाला असता तर मोहित्यांचा जनू जोडीदार झाला असता आणि बागुलांचा विश्राम विजेता. हे ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. दर निवडीच्या वेळी तात्यासाहेब माझं नाव सांगत, विश्राम पुढं येऊन माझ्या पाठीवर थाप मारी आणि म्हणे, "जा रे जनू, मार मैदान!" तोंडावर कुठं खंत म्हणून नाही. एखाद्यानं तोंड तरी वाकडं करावं की नाही? मी त्याच्या जागी असतो तर तालीम डोक्यावर घेतली असती.

मी जिंकत गेलो. जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धेत एकदा तिसरा, एकदा दुसरा. खेळाच्या जोरावर कोयलीच्या रिफायनरीत नोकरी लागली, कंपनीच्या कॉलनीत घर मिळालं, शालिनीशी लग्न झालं. आणि ज्या वर्षी मी देशात पहिला आलो त्या वर्षी स्टेशनपासून रावपुऱ्यातून दांडिया बाजारापर्यंत उघड्या जीपमधून माझी मिरवणूक निघाली. फटाके, ढोल, गळ्यात हार. जीपच्या पुढं विश्राम. तो गर्दी बाजूला सारत, नाचत, गुलाल उधळत चालला होता. आणि वरून मला दिसत होतं की माणसं माझ्याकडे बघून टाळ्या वाजवतात आणि त्याला मात्र मिठी मारतात.

तालमीच्या दारात ओट्यावरच्या दत्तूकाकांनी मला पेढा भरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता तरी. दत्तूकाका म्हणाले, "जनू, तू एकदम सरस केलंस. आता विचार कर, तू एवढा, तर आपला विश्राम केवढा!"

मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती आणि ती कुठल्याही स्पर्धेत मिळत नव्हती. ह्याच म्हाताऱ्यांनी, ह्याच ओट्यावर बसून, एकदा तरी म्हणावं की जनू विश्रामपेक्षा वरचढ आहे. त्यासाठी विश्रामशी चारचौघांत कुस्ती व्हायला हवी होती, आणि तीच कायद्यानं होणार नव्हती. तालमीतल्या लढतींचा काय उपयोग? कधी मी वर, कधी तो वर. पण त्याची ती ढाक! मानेवर हात टाकून, दंड कवेत घेऊन, कंबर आत घालून तो असा फिरायचा की मी उचलला जाऊन मातीत पडे. पंजाबचे, हरियाणाचे पैलवान मला ढाकेवर घेऊ शकले नाहीत. विश्राम घेई, आणि वर हात देऊन उठवी.

म्हणून मी त्या ढाकेची काट शोधली. कॉलनीच्या मैदानावर एका खांबाला गादीचं गाठोडं बांधून संध्याकाळी एकटाच घोटत बसे. तो फिरतो त्याच क्षणी कंबर खाली सोडायची, त्याच्या पोटाला मिठी घालायची आणि मागं फेकायचं. शालिनी गॅलरीतून बघे आणि शेजारणीला म्हणे, "आमच्या ह्यांचं त्या खांबाशी वैर आहे." ती काट मी तालमीत कधी दाखवली नाही. तिथं मी ढाक खातच राहिलो. राष्ट्रीय विजेत्याची तयारी कुणासाठी असेल असं लोकांना वाटायचं कोण जाणे. माझी सगळी तयारी एका माणसासाठी होती, आणि तो रोज माझी पिशवी उचलून माझ्याबरोबर चालायचा.

मग विश्रामला रेल्वेत नोकरी लागली. वडिलांच्याच वर्कशॉपमध्ये. तिथल्या क्रीडा अधिकाऱ्यानं त्याला एका साध्या आंतरविभागीय कुस्तीत पाहिलं आणि सरळ रेल्वेच्या संघात घेतलं. माझ्याच गटात. राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी इंदूरला होत्या. मी गुजराततर्फे, तो रेल्वेतर्फे. तालमीतर्फे कुणीच नाही. तात्यासाहेबांचा कायदा पहिल्यांदाच अपुरा पडला.

मला ही बातमी रावपुऱ्यात एकानं दिली तेव्हा मी भर रस्त्यात हसलो. स्कूटरवाले वळून बघायला लागले.

निघण्यापूर्वी आम्ही दोघंही तालमीत पाया पडायला गेलो. तात्यासाहेबांनी दोघांच्या कपाळाला माती लावली. मग म्हणाले, "समोरासमोर आलात तर तालमीची लाज राखा."

ओट्यावरच्या मंडळींनी विश्रामकडे पाहिलं. सगळ्यांनी. माझ्याकडे एकानंही नाही. मला कळलं की लाज राखायची म्हणजे विश्रामनं मला सोडायचं, असा अर्थ त्यांनी तिथल्या तिथं लावून टाकला आहे. जणू मला हरवणं त्याच्या हातातलं काम आहे आणि ते करायचं की नाही एवढाच प्रश्न आहे.

बाहेर पडल्यावर विश्राम माझ्याबरोबर चालायला लागला. न्यायमंदिराकडे वळायच्या कोपऱ्यावर तो थांबला.

"जनू, तात्यासाहेब काय म्हणाले रे? मी नीट लढू की नको?"

मी त्याची बंडी छातीशी धरली. येणारेजाणारे बघत होते, बघू देत. "हे बघ विश्राम, तू तिळाएवढा जोर राखलास ना, तर तुझं तोंड बघणार नाही. शपथ घे."

"अरे पण..."

"मारुतीची शपथ घे! होता नव्हता तेवढा जोर लावीन म्हण."

त्यानं माझा हात हळूच सोडवला. "मारुतीची शपथ. होता नव्हता तेवढा लावीन. बस?" मग म्हणाला, "खरं सांगू? मलापण हेच पाहिजे होतं."

ते शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. इतकी वर्षं मला वाटे की ह्याला काहीच नको आहे.

इंदूरला आमची गाठ उपांत्य फेरीत पडली. स्टेडियम भरलेलं, वर पत्र्याचं छप्पर, खाली पिवळी गादी. माझा पोशाख लाल, त्याचा निळा. पंचानं हात मिळवायला लावले तेव्हा त्याचा तळवा गार होता. पुढचं मी माझ्या बाजूनं काही न चढवता सांगतो, कारण चढवायची गरजच नाही.

शिट्टी झाली आणि तो माझ्या पायात शिरला. इतक्या वेगानं की मला कळलंच नाही. माझा पट काढून त्यानं मला गादीवर आणलं. रेल्वेवाले ओरडायला लागले. मी खाली पोटावर, तो माझ्या पाठीवर, त्याचा श्वास माझ्या मानेवर. आणि मला आनंद झाला! गुण त्याला गेले होते आणि माझ्या मनात आनंद मावत नव्हता. हा खरा लढत होता. आता ह्याला पाडलं तर ते खरंखुरं पाडणं असणार होतं.

दुसऱ्या फेरीत मी पट काढला, पुन्हा काढला. आम्ही बरोबरीला आलो. तिसऱ्या फेरीत दोघांचेही दंड घामानं निसटत होते. त्याचा ओठ फुटला होता. पंचानं आम्हाला मधोमध आणलं, आणि तेव्हा त्याचा उजवा हात माझ्या मानेवर आला. मला कळलं, ढाक येते आहे.

आली. माझा दंड त्याच्या काखेत आवळला गेला, त्याची कंबर माझ्या पोटात शिरली. तो जोर मला ठाऊक होता. पण तालमीत त्यानं इतका कधी लावला नव्हता. माझी एक बरगडी कटकन वाजली. पाय सुटायच्या आत मी कंबर खाली सोडली, त्याच्या पोटाला मिठी घातली आणि मागं फेकला. आम्ही दोघंही हवेत होतो. पडलो तेव्हा तो खाली होता. दोन्ही खांदे गादीला. त्यानं मानेवर पूल करून खांदे उचलायचा प्रयत्न केला, ती भलीभक्कम मान थरथर कापली, आणि टेकली. पंचानं गादीवर हात मारला.

चितपट. विश्राम बागूल, चितपट.

कुस्ती खेळणाऱ्याला सांगायला नको. ज्याला कुस्ती सोडायची असते तो ढाक मारत नाही. ढाक चुकली तर स्वतःच खाली जातो. सोडायचीच असती तर पन्नास सोपे मार्ग होते. आणि माझी बरगडी पुढं कित्येक दिवस दुखत होती.

अंतिम कुस्ती मी संध्याकाळी जिंकली. त्याविषयी मला फारसं आठवत नाही. आठवतो तो विश्राम, मागच्या बाजूला पाण्याच्या नळांपाशी बसलेला. डोक्यावर टॉवेल. मी जवळ गेलो तर रडत होता. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं होतं रे," तो टॉवेलाआडून म्हणाला, "मी तुला मारीन. सगळे म्हणायचे, म्हणायचे, मलापण खरं वाटायला लागलं होतं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चेहरा दुःखी ठेवणं मला जमत नव्हतं. बरं झालं त्याच्या डोक्यावर टॉवेल होता.

परतीच्या गाडीत मी बडोदं येईपर्यंत एकच चित्र बघत होतो. ओटा, त्यावर ती सगळी मंडळी, आणि दत्तूकाका म्हणताहेत, जनू वरचढ निघाला. डोळे भरून यायचे असतील तर माझ्यासाठी येऊ देत एकदा.

बातमी आमच्या आधी पोचली होती. तालमीच्या बोळात पताका लावल्या होत्या. तात्यासाहेबांनी मला हार घातला, पाठ थोपटली. "शाब्बास." मग ते माझ्या बाजूनं पुढं गेले. माझ्या मागं, दाराशी, विश्राम खाली मान घालून उभा होता. तात्यासाहेबांनी त्याला हाताला धरून आत आणलं, मारुतीसमोर उभं केलं, आणि आपल्या डोक्यावरचा फेटा काढून त्याच्या डोक्याला बांधायला लागले. त्यांचं टक्कल आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"तालमीची लाज राखलीस, बाळ," ते म्हणाले.

मी हारासकट तसाच उभा. झेंडूचा वास नाकात जात होता.

दत्तूकाका शेजारच्या मास्तरांना सांगत होते, "विश्रामची ढाक चुकेल का कधी? ढाकेवर घेतलं आणि सोडून दिलं. भाईसाहेब, काळीज लागतं त्याला."

"सोडली नाही त्यानं!" मी ओरडलो. तात्यासाहेबांसमोर आवाज चढवण्याची ती माझी पहिलीच वेळ. "मी पाडलं त्याला! चितपट पाडलं! विश्राम, सांग ह्यांना. तू शपथ घेतली होतीस ना? सांग!"

विश्रामनं फेटा बांधणारे ते हात हळूच धरले. तो मारुतीकडे वळला, पायाशी हात टेकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तात्यासाहेब, देवाच्या पायाशी सांगतो, मी सोडली नाही. होता नव्हता तेवढा जोर लावला. जनूनं मला पाडलं. तो माझ्यापेक्षा वरचढ आहे."

अगदी तेच शब्द. जे ऐकायला मी इतकी वर्षं जीव टाकत होतो ते जसेच्या तसे, ह्याच तालमीत, मारुतीसमोर. मी ओट्याकडे वळून बघितलं.

दत्तूकाका उपरण्यानं डोळे पुसत होते. "पाहिलंत?" ते म्हणाले. "जोडीदाराचं नाव राहावं म्हणून देवापुढं खोटी शपथ घेतली. ह्याला म्हणायचं मन."

तात्यासाहेबांनी विश्रामला छातीशी धरलं. मास्तर नाक शिंकरत होते. आणि विश्राम त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता, अगदी हवालदिल. त्यानं खांदे उडवले. म्हणजे, आता मी आणखी काय करू?

"चल मातीत!" मी हार काढून फेकला. "आत्ता, इथं, ह्यांच्यासमोर. काढ कपडे!"

"जनू," तात्यासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "आपल्या तालमीत असं चारचौघांत लढायची रीत नाही. विसरलास?"

त्यानंतर विश्राम तो फेटा परत करायला तात्यासाहेबांच्या घरी गेला होता म्हणे. मला शोभत नाही म्हणाला. झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या दांडिया बाजारात ती एक नवी गोष्ट झाली. हा माणूस जे करील त्यानं तो मोठाच होत होता. त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती तरी लोक म्हणाले असते, किती हळू मारली.

घरी शालिनीनं माझ्या बरगडीला शेक द्यायला घेतला. तिला मी सगळं सांगितलं. शपथ, ढाक, काट, पाण्याच्या नळांपाशी तो कसा रडला, सगळं. ती ऐकत होती. गरम फडका ठेवून, दाबून धरून, पुन्हा गरम करत होती. माझं बोलणं संपल्यावर प्रेमानं म्हणाली, "अहो, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"विश्रामभावजींनी सोडली ना? मी कुणाला नाही सांगणार. मला तरी खरं सांगा."

मी तिच्या हातातला फडका घेऊन भिंतीवर आपटला. मग तीही चिडली. तुमच्या भल्यासाठीच विचारलं, म्हणाली.

पुढं मी आणखी जिंकलो. परदेशी गेलो, कोट शिवला, कोटावर देशाचं चिन्ह लावलं. रिफायनरीतल्या साहेबांनी चहाला बोलावलं. पण कुठंही गेलो तरी एक हिशेब मनात चाले. मी विश्रामपेक्षा वरचढ आहे हे जगात कुणाकुणाला ठाऊक आहे? इंदूरच्या पंचाला असेल, पण त्याला आम्ही दोघं कोण हे कुठं आठवणार? तालमीला नाही. बाजाराला नाही. बायकोला नाही. राहता राहिला एकच माणूस, आणि नेमका तोच.

एका रविवारी दुपारी मी सायकल काढली आणि प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरकडे निघालो. शालिनीला सांगितलं, टायर बदलायचा आहे. तो पहिला रविवार. पुढं मी जातच राहिलो. कधी लोणच्याची बरणी पोचवायची म्हणून, कधी कुणाच्या लग्नाचं विचारायचं म्हणून, कधी नुसताच.

अशाच एका रविवारी विश्राम अंगणात बसून सायकलच्या साखळीला तेल घालत होता. कुस्ती त्यानं सोडली होती. पोट सुटायला लागलं होतं. तरी मान तशीच. मला बघून उठला. "ये ये, जनू! बस. चहा टाकतो."

तो आत गेला, स्टो पेटवला. मी दारात उभा राहिलो. पाठमोरा असला की त्याचे ते दोन्ही मोडके कान दिसत.

"विश्राम, परत सांग."

"काय?"

"इंदूरचं."

तो हसला. वळलासुद्धा नाही. "अरे, किती वेळा? होता नव्हता तेवढा जोर लावला. ढाक मनापासून मारली. तू उलटवलीस. मी हरलो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? तू वर होतास, मी खाली. तुला नाही ठाऊक?" त्यानं चहात साखर घातली, चमचा फिरवला. "तू चांगला आहेस रे माझ्यापेक्षा. दूध घालू जास्त?"

मी त्याच्या चेहऱ्यावर कुठं काही खुपतं आहे का ते शोधलं. पाण्याच्या नळांपाशी रडला होता तो विश्राम कुठं दिसतो का ते पाहिलं. काही नव्हतं. मी हरलो, हे तो दूध घालू का म्हणण्याच्या सुरात म्हणाला होता. रडून मोकळा झाला होता आणि विसरून गेला होता.

मीही हरलो आहे. दिल्लीत एकदा, पतियाळ्याला एकदा, तेहरानला दोनदा. दिल्लीत पंच विकलेला होता. पतियाळ्याला पाणी बाधलं होतं. तेहरानला थंडीनं अंग आखडलं होतं, आणि दुसऱ्या वेळी तर गादीच नीट अंथरलेली नव्हती. हे मी पत्रकारांना सांगितलं, शालिनीला सांगितलं, ओट्यावर सांगितलं, आणि विचारलंत तर तुम्हालाही सांगेन. मी हरलो, हे दोन शब्द मात्र माझ्या तोंडून कधी निघालेले नाहीत. तिथं दारात उभं राहून मी ते मनात म्हणून पाहिले. मनातसुद्धा जमेना.

त्यानं कप माझ्या हातात दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसून बशीत चहा ओतून फुंकर घालू लागला, सुखानं. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. माझ्या छातीत पुन्हा तीच आग पडली, पूर्वीपेक्षा मोठी, कारण ह्या बाबतीत हा खरोखरच माझ्यापेक्षा वरचढ होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

"गोड झाला का?" त्यानं विचारलं.

"बेताचा आहे," मी म्हणालो.